लाट चालवायची नोकरी

माझ्या मुलीचं लग्न जमत होतं तेव्हा मुलाकडच्या मंडळींनी विचारलं, "वडील काय करतात?" माझ्या मेहुण्यानं पटकन सांगून टाकलं, "लाट चालवतात." समोरचे गृहस्थ खुर्चीत सरळ बसले आणि अदबीनं म्हणाले, "कोणत्या पक्षाची?"

त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या धुळे जिल्ह्यात लाट दोनच प्रकारची. एक निवडणुकीतली आणि दुसरी मे महिन्यातली, उष्णतेची. मी मात्र खरोखर पाण्याची लाट चालवत होतो. नऊ वर्षं, मंगळवार ते रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सोमवारी लाट बंद. या अंकाच्या संपादकांना मी म्हणालो होतो, की त्याआधी बावीस वर्षं नरडाण्याच्या कारखान्यात पंप सांभाळले, त्याबद्दल लिहितो. ते म्हणाले, कारखान्याचं कोणीही लिहील, तुम्ही लाटेचं लिहा. म्हणून हे लाटेचं.

कारखाना बंद झाला तेव्हा माझं वय पन्नास होतं. त्याच सुमारास आमचे शेठ दुबईला जाऊन आले. कापसाच्या व्यवहारात नाव कमावलेला माणूस. सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून त्यांचं वॉटरपार्क होतं. दोन घसरगुंड्या, एक प्लास्टिकचा हत्ती, आणि हत्तीच्या सोंडेतून पाणी. जळगाव रस्त्यावरच्या दुसऱ्या पार्कवाल्यानं दोन सोंडांचा हत्ती बसवला, तेव्हा शेठचा जीव कासावीस झाला. दुबईत त्यांनी माणसं फळीवर उभी राहून लाटेवर खेळताना पाहिली, तीही समुद्रात नाही, एका मॉलमध्ये. परत आले ते यंत्राची ऑर्डर देऊनच. त्याच्या पंपांना माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं.

ही लाट होते कशी, ते सांगतो. खाली मोठा हौद. त्याच्यावर एक चढ, त्याला जाड रबरी गादी. तीन पंप हौदातलं पाणी ओढतात आणि चढाच्या पायथ्याच्या फटीतून जोरात वर फेकतात. पाणी वीतभर जाड, पण वेग असा की चढताना ते लाटेसारखं वळतं, माथ्यावरून पलीकडे पडतं आणि जाळीतून पुन्हा हौदात येतं. त्या पाण्यावर फळी टाकायची आणि उभं राहायचं. समुद्रात लाट पुढे जाते आणि माणसाला घेऊन जाते. आमची लाट जागच्या जागी, माणूसही जागच्या जागी. अर्धा तास घाम गाळून तुम्ही उतरता तिथंच, जिथून चढलात.

पंप चालू कोणीही करेल. माझं काम ऐकण्याचं होतं. हौदातली पातळी उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. आधी आवाज घुमतो, मग आत कोणी मूठभर खडे टाकावेत तसा खडखडतो. त्यानंतर तीन सेकंदांत लाट लटपटते आणि वरचा माणूस तोंडावर पडतो. त्या तीन सेकंदांत मी शिट्टी मारायची. नऊ वर्षांत माझ्या लाटेवर एकाचाही दात पडला नाही, हे मी जरा छाती काढूनच सांगतो.

उद्घाटनाला एक नेते आले होते. शेठनं नारळ फोडायला सांगितला, तर नेते म्हणाले, "नारळ रोजच फोडतो, आज लाटेवर उभा राहतो." पांढरा शुभ्र लेंगा, पांढरा सदरा. मी म्हटलं, "साहेब, कपडे घट्ट हवेत." ते हसले. "आम्ही लाटेवरच निवडून आलोय." फळीवर पाय ठेवल्याबरोबर साहेब पालथे झाले आणि सरळ माथ्यावर जाऊन पोचले. लेंगा मात्र खालीच राहिला. मी तिन्ही पंप एकदम बंद केले. फोटोवाल्यांनी, खरं सांगतो, माणुसकी दाखवली आणि फोटो कमरेच्या वरचाच छापला. त्या फोटोत साहेब दोन्ही हात वर करून आहेत, आणि खाली लिहिलंय, 'जनतेला अभिवादन करताना'.

शिकवायला गोव्याहून एक तरुण आणला होता. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात तो सहा दिवस टिकला. जाताना मला तीन गोष्टी सांगून गेला: गुडघे वाकवा, पायाकडे बघू नका, पडायचं तर बसून पडा. एवढ्या भांडवलावर मी खान्देशातला पहिला लाटगुरू झालो.

शिकवताना एक गंमत लक्षात आली. धुळ्यातल्या देवपूरची जिममध्ये जाणारी मुलं धडाधड पडायची आणि खेड्यातला धोतरवाला शेतकरी, लेकरांना घेऊन आलेला, सहज उभा राहायचा. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "ढेकळं फोडाले फळीवर उभं राहतस ना भाऊ, बैलंसना मांगे. हाई तं मऊ शे." खरंच, नांगरलेल्या रानात बैलांच्या मागे फळीवर उभं राहणारा माणूस लाटेला काय घाबरणार? तेव्हापासून मी शहरातल्यांनाही तसंच सांगायला लागलो, "समोर बैल आहेत असं समजा." गोव्याच्या तरुणानं ऐकलं असतं तर त्यानं समुद्रात उडी टाकली असती.

सगळ्यांत उत्तम उभे राहायचे ते नाना. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, वय एकसष्ट. नातवाला घेऊन आले होते. नातू रडला म्हणून स्वतः फळीवर चढले आणि उतरलेच नाहीत. हाताची घडी घालून, एका बाजूला किंचित रेलून, जणू साक्री गाडीत तिकिटं फाडताहेत. मी विचारलं, "नाना, आधी कुठं शिकलात?" म्हणाले, "चौतीस वर्सं चालती गाडीमा उभा राहिनू. दांडी धरी नही कधी. हात रिकामा लागतस."

आणि दुसऱ्या म्हणजे, भूगोलाच्या मॅडम. देवपूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. समुद्रप्रवाह, भरती-ओहोटी, लाटांचे प्रकार, सगळं फळ्यावर काढून वीस वर्षं झालेली. समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर, रिक्षातून. पहिले दोन महिने त्या फक्त पडल्या. पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, आणि पडल्यावर प्रत्येक वेळी काय चुकलं ते मलाच समजावून सांगायच्या. ज्या दिवशी पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या दिवशी उतरून पायरीवर बसल्या, हेल्मेट मांडीवर घेऊन. मग म्हणाल्या, "भास्करभाऊ, आता मी वर्गात खरं बोलेन."

हळूहळू दर रविवारी येणारी पंधरा-वीस माणसं झाली. दातांचे डॉक्टर, दोन शिक्षक, भुसावळकडची केळीवाली दोन भावंडं, एक स्टेशनरीवाला. एकमेकांना पडताना पाहिलेली माणसं लवकर जवळ येतात. कोणी नवीन टिकला तर सगळे टाळ्या वाजवायचे. कोणी आजारी पडला तर डबा जायचा. आणि माणसं जवळ आली की आपल्याकडे पुढचं जे होतं, ते झालंच. मंडळ निघालं. 'खान्देश लाटस्वार मंडळ'. सतरा सभासद, चौदा पदाधिकारी. उरलेले तिघे नाराज होते, म्हणून त्यांना सल्लागार केलं. टीशर्ट छापले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी सूर्याचा फोटो आणि 'समुद्र आपल्या रक्तात आहे'. आमच्या रक्तात कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, पण मीही अंगठा टाकायचो. स्टेशनरीवाल्यानं केस वाढवून सोनेरी केले. बायकोनं त्याला माहेरच्या लग्नाला नेलं नाही.

मी हसतोय, पण खरं सांगायचं तर ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं होती. कारखान्यात पंप चालला तर कोणी बघायचं नाही, बंद पडला की शिव्या. इथं मी पंप चालू केला की माणसं आनंदानं ओरडायची.

मग ते वर्ष आलं. आधीचा पावसाळा नावापुरता झाला होता. फेब्रुवारीतच नाले कोरडे पडले. शेठनं गेटवर मोठा बोर्ड लावला, 'इथे पाण्याचा एकही थेंब वाया जात नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा.' मॅडमनी मंडळातर्फे एक सुरेख अर्जही लिहिला, की लाट म्हणजे पाण्याचा पुनर्वापर आहे आणि तिच्यावर बंदी आणू नये. त्यावर सतरा सह्या झाल्या. खाली तांत्रिक माहिती देणारा म्हणून माझी.

बोर्डावरचं वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे पूर्ण ठाऊक असलेला माणूस एकच होता. उन्हाळ्यात पाणी असं पातळ करून उघड्यावर आठ तास उडवलं, तर आमचा कोरडा वारा ते पिऊन टाकतो. रोज संध्याकाळी मी हौदात काठी घालून पातळी बघायचो आणि रोज सकाळी शेठच्या विहिरीवरची मोटर लावून हौद पुन्हा भरायचो. दिवसाला दोन टँकर पाणी हवेत जात होतं. शेठची विहीर नाल्याच्या काठी. त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला शेजारच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर.

मार्चमध्ये गावातून विमलअक्का आल्या, बरोबर चार बायका. अक्का साठीच्या, कापसाचं रान स्वतः कसणाऱ्या. गावात त्यांच्या शब्दाला मान. पंपघराच्या दारात उभ्या राहिल्या. "भास्करभाऊ, खरं सांग. तुमना हौदमा रोज कितलं पानी लागस?"

माझ्या मागे शेठचा मॅनेजर उभा होता. मी म्हणालो, "अक्का, तेच पाणी फिरतं. एकदा भरलं की झालं."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "पंपवाला मानूस शे. तो सांगस म्हनजे खरंच व्हई. चला."

त्या निघून गेल्या. बोर्डावर माझा विश्वास नव्हता, पण त्यांचा माझ्यावर होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर मीच लावली. नोकरी होती, मुलीचं लग्न तोंडावर होतं, आणि रविवारी सतरा माणसं येणार होती. कारणं भरपूर होती.

दहा दिवसांनी अक्कांचा निरोप आला. गावाच्या विहिरीवरचा पंप बिघडलाय, बघून जा. त्या भागात पंपाचं काही झालं की मलाच बोलावत. हत्यारांची पिशवी घेऊन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेलो. विहिरीच्या काठावर घागरींची रांग, लिंबाखाली बायका बसलेल्या. अक्कांच्या मांडीवर त्यांची नात, नऊ-दहा वर्षांची, हाताला प्लास्टर.

"देख ना भाऊ, काय झायं याले," अक्का म्हणाल्या. "दोन दिन व्हई गयात, नुसता आरडस."

मी स्टार्टर दाबला. पंप घुमला आणि मग खडखडला. मूठभर खडे टाकल्यासारखा. पिशवी उघडायची गरजच नव्हती. मी बंद केला आणि विहिरीत वाकून पाहिलं. तळाला ओला चिखल होता, दुसरं काही नाही.

"हिच्या हाताला काय झालं?" मी विचारलं.

"पानीसाठे नालामा झिरा खंदा. त्यामा उतरनी व्हती. पाय घसरना."

धुळ्यात राहून माझी बोली पुसट झालीय. घरीसुद्धा आम्ही पुस्तकी बोलतो. पण तिथं ते पुस्तकी तोंडात येईना. मी म्हणालो, "अक्का, पंपले काहीच झायं नही. मी तुम्हले खोटं सांगं. पानी आम्हीच उडाई राहिनूत."



"कितलं?" अक्कांनी विचारलं.

"रोज दोन टँकर."

"हाई पडनी त्या दिनबी?"

"त्या दिनबी."

मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या बायकांनी मला विहिरीत ढकललं असतं तरी मी तक्रार केली नसती. अक्का नातीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या ऐतवार शे ना? आम्ही येतस."

रविवारी अकराला मंडळ ऐन भरात होतं. नाना लाटेवर, बाकीचे रांगेत, टीशर्टांवर सूर्य. गेटमधून चाळीसेक बायका आत आल्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी घागर. मॅनेजर आडवा गेला आणि बाजूला झाला. बायका चढाच्या कडेनं ओळीत बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. दातांच्या डॉक्टरांना वाटलं, सहल आलीय. त्यांनी हात हलवला.

मॅडम अर्ज घेऊन पुढे झाल्या. त्यांच्याजवळ तो कायम असे. "ताई, तुमचा गैरसमज झालाय. हे पाणी वाया जात नाही, त्याचा पुनर्वापर होतो. आम्ही तसं लेखी दिलंय."

अक्कांनी त्यांना खालपासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुम्ही मास्तरीन शेतस ना?"

"हो. भूगोल शिकवते."

"मंग एक सांगा. उन्हायामा परातमा पानी ठेवं, तं संध्याकायले कितलं उरस?"

मॅडमनी वीस वर्षं फळ्यावर ढग काढले होते, बाण काढले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना काय समजायचं ते समजलं. अर्जाची घडी घालत त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाष्पीभवन." वर्गात एखाद्या मुलीला उशिरा उत्तर सुचावं, तशा.

नाना अजून लाटेवरच होते. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण घागरी दिसल्या होत्या. त्यांनी हाताची घडी सोडली, उतरले, आणि फळी काखेत धरून रांगेकडे पाहून कंडक्टरच्या आवाजात ओरडले, "बठ्ठा उतरा! गाडी पुढे जाव नही!"

मी पंपघरात गेलो आणि एकेक करून तिन्ही बंद केले. लाट आधी खाली बसली, मग नुसतं पाणी ओघळलं, मग रबरी गादी उन्हात चमकायला लागली. नऊ वर्षांत मला ती जागा एवढी लहान कधी वाटली नव्हती. मंडळातले काही जण माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्या घरातलं कोणी मी मारून टाकलंय. सोनेरी केसवाला म्हणाला, "भाऊ, निदान आजचा रविवार होऊ द्यायचा."

शेठ तासाभरात आले. आल्या आल्या माझ्यावर डोळे काढले, पण तेवढ्यात गेटवर वार्ताहर दिसला आणि शेठचं मन एकदम विशाल झालं. तिथंच जाहीर केलं, की आजपासून विहिरीचं सगळं पाणी गावाला. आठ दिवसांत पाइप टाकला गेला. उद्घाटनाला तेच लेंगेवाले नेते. शेठना शाल, श्रीफळ आणि 'जलमित्र' असं लिहिलेली फ्रेम मिळाली. पहिली घागर अक्कांनी शेठच्या हातून घेतली आणि फोटोत अजिबात हसल्या नाहीत.

मला शेठनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही मशीनचं ऐकता चांगलं, पण बोलता फार." अशी माझी लाट संपली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पण लाट परत आली नाही. शेठच्या लक्षात आलं होतं, की लोक लाटेवर दर वर्षी येतीलच असं नाही, पण लग्नं दर वर्षी होतात. तिथं आता लॉन्स आहे. चढावर हिरवा गालिचा घालून नवरा-नवरी फोटो काढतात.

दहा दिवस मी गप्प राहिलो, त्याचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. अक्का मला नंतर भेटत राहिल्या. नातीचा हात किंचित वाकडा बसलाय. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढू शकलो नाही. गावाचा पंप मात्र दर महिन्याला जाऊन बघतो.

मंडळाचा ग्रुप तीन महिने थंड होता. काहींनी ग्रुप सोडला, दोघे क्रिकेटच्या टर्फवर गेले. मग एका सकाळी नाना माझ्या घरी आले. बरोबर मॅडम. नाना खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "भाऊ, गाडी ठरवली. कोकणात जायचं. तुम्ही पुढच्या सीटवर."

मी म्हणालो, "मी कशाला? लाट तर तिथं आपोआप चालते."

मॅडम म्हणाल्या, "त्या अर्जावर सतरा सह्या होत्या, भास्करभाऊ. तुमची अठरावी. तुम्ही एकटेच घरी का बसलात?"

हिवाळ्यात आम्ही नऊ जण गेलो. निघण्याआधी मी अक्कांना सांगून आलो. त्या म्हणाल्या, "समुद्रनं पानी खारं ऱ्हास ना? मंग जा. उडावा कितलं उडावानं तितलं."

किनाऱ्यावर शिकवणारा एक मालवणी गडी होता, मूळचा मासेमारीवाला. आम्ही किती वर्षं खेळतो म्हणून त्यानं विचारलं. दातांच्या डॉक्टरांनी ऐटीत सांगितलं, "नऊ." त्यानं आम्हाला मोठ्या मानानं फळ्या दिल्या. मग आम्ही नऊ वर्षांच्या अनुभवासह पाण्यात शिरलो आणि पोती पडावीत तसे पडलो. उभं राहण्यात कसूर नव्हती. आमची लाट आमच्यासाठी थांबायची, ही थांबत नव्हती. ती मागून कधी येते तेच समजेना. डॉक्टर दोनदा मीठ पिऊन बाहेर आले. मॅडम पडल्या की काठावर येऊन वाळूत आकृती काढायच्या आणि पुन्हा जायच्या. मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाणी एवढं आडवं असतं, याचीच मला भीती वाटली. तरी गेलो. पोटावर पडून फळीला मिठी मारली आणि एका लाटेनं मला अलगद उचलून वाळूत आणून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लाटेवर चढलो एका जागी आणि उतरलो दुसऱ्या.

दुसऱ्या दिवशी पुष्कळ वेळ आम्ही सगळे पाण्यात फळ्यांवर नुसते बसून होतो. लाट यायची वाट बघत. मग एक चांगली लांब लाट मागून उठली आणि नाना उभे राहिले. हाताची घडी घालून. किनाऱ्यापर्यंत तसेच आले. आम्ही पाण्यातून एवढे ओरडलो, की काठावरची कुत्री भुंकायला लागली.

मालवणी गडी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बघत होता. नानांची फळी धरत त्यानं विचारलं, "आजोबा, तुमी खयचे?"

"धुळ्याचे."

"थंय दर्या आसा?"

नानांनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"होता," ते म्हणाले. "आम्हीच बंद केला."